जुन्या मोटारींच्या यांत्रिक वेगमापकातील दोषनिदान

यांत्रिक वेगमापक किंवा स्पीडोमीटर हे गिअरबॉक्सकडून (काही गाड्यांत चाकाकडून) येणाऱ्या फिरत्या केबलच्या साहाय्याने मोटारीचा वेग दाखवणारे उपकरण आहे. इलेक्ट्रॉनिक संवेदक रूढ होण्यापूर्वी जवळजवळ सर्व मोटारींत हीच पद्धत होती. भारतात प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्तान अ‍ॅम्बॅसडर, स्टँडर्ड हेराल्ड आणि जीप या गाड्यांचे वेगमापक याच प्रकारचे होते. अशा वेगमापकाचा काटा चुकीचा वेग दाखवू लागल्यास दोष केबलच्या दंतचक्रांत, टायरच्या आकारात, केबलमध्ये किंवा प्रत्यक्ष उपकरणात असू शकतो. यांपैकी दोष नेमका कोठे आहे हे उपकरण न उघडताही बहुतांशी ठरवता येते. त्यासाठी वेगाच्या काट्याची तुलना त्याच उपकरणातील अंतरमापकाशी, म्हणजे ओडोमीटरशी, करतात.

मुंबईतील पार्श्वभूमी

मुंबईच्या उपनगरांत या विषयाला विशेष महत्त्व आहे, कारण देशातील सर्वांत परिचित जुन्या मोटारींपैकी एक येथेच तयार होत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीचा कारखाना कुर्ला येथे होता. १९६४ साली तेथे फियाट ११०० डी या मोटारीचे उत्पादन सुरू झाले. पुढे १९७०च्या दशकात तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. १०८९ घनसेंमी क्षमतेच्या इंजिनाची ही गाडी खासगी मोटार म्हणून लोकप्रिय होतीच, पण काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती शहराची खूण बनली. मुंबईत नोंदणी झालेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. खासगी मालकांकडील पद्मिनी मात्र अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली अशा भागांत अजूनही दिसतात.

या टॅक्सींचे जुने यांत्रिक भाडेमीटरही केबलवरच चालत. टॅक्सीचालकाच्या दृष्टीने भाडेमीटर चालू असणे ही पोटापाण्याची बाब होती, तर डॅशबोर्डवरचा वेगमापक बंद पडला तरी धंदा थांबत नसे. त्यामुळे अनेक टॅक्सींमध्ये वेगाचा काटा वर्षानुवर्षे शून्यावर पडून असे. अशी टॅक्सी पुढे हौशी मालकाने घेतली, तर दुरुस्ती करताना सर्वांत दुर्लक्षित भाग हाच निघतो.

रचना व कार्य

या उपकरणाचे मूळ तत्त्व जर्मन अभियंता ओटो शुल्झे यांनी १९०२ साली घेतलेल्या पेटंटात आहे. गिअरबॉक्सच्या मागील टोकाशी, प्रोपेलर शाफ्टला गती देणाऱ्या दांड्यावर, एक वर्म असतो. त्यात अडकवलेले लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, केबलच्या आतील तारेला फिरवते. ही तार पोलादी तारांचे अनेक थर उलटसुलट दिशांनी गुंडाळून केलेली असते. त्यामुळे ती वाकवता येते, पण पीळ मात्र सहज खात नाही. तिची टोके बहुधा चौकोनी असतात.

केबलचे वरचे टोक उपकरणातील कायम चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती, त्याला न टेकता, अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पेला असतो. चुंबक फिरू लागला की पेल्यात आवर्त विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि पेला चुंबकामागे ओढला जातो. त्याला एक केसासारखी बारीक स्प्रिंग मागे खेचते. ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते आणि स्प्रिंगचा विरोध वळणाच्या कोनाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही जेथे समान होतात तेथे पेला, आणि त्याला जोडलेला काटा, स्थिर होतो.

अंतरमापकाची गोष्ट वेगळी आहे. केबलची तीच फिरकी दंतचक्रांमार्फत आकड्यांच्या चक्रांपर्यंत थेट पोहोचते. तेथे चुंबक नाही, स्प्रिंग नाही, अंदाज नाही. केबल ठरावीक फेरे फिरली की अंतराचा आकडा पुढे सरकतो. म्हणून अंतरमापक आणि काटा एकाच पेटीत असले तरी त्यांच्या चुका एकाच कारणाने होतीलच असे नाही. निदानाचा सारा आधार हाच फरक आहे.

पहिली चाचणी

चाचणीपूर्वी टायरमधील हवा योग्य दाबाची असावी. वेग तपासण्याचे काम सहप्रवाशाने करावे, चालकाने नव्हे. उपनगरांत यासाठी वांद्रे ते दहिसर हा पश्चिम द्रुतगती महामार्ग किंवा शीवहून घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडमार्गे ठाण्याकडे जाणारा पूर्व द्रुतगती महामार्ग सोयीचा आहे. अर्थात सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे. एरवी या रस्त्यांवर एकसारखा वेग पाच मिनिटे राखणे अशक्यप्राय असते.

खरा वेग भ्रमणध्वनीतील जीपीएसवरून कळतो. तो थोड्या विलंबाने दाखवला जात असल्याने वेग किमान पंधरा-वीस सेकंद स्थिर ठेवावा लागतो. पश्चिम महामार्गाच्या मधोमध मेट्रोची उन्नत मार्गिका आहे. अशा बांधकामाखाली उपग्रहांचे संदेश अडखळतात, त्यामुळे तेथील नोंदींवर भिस्त ठेवू नये. जुनी पद्धत घड्याळाची आहे. एक किलोमीटरला ९० सेकंद लागल्यास वेग ताशी ४० किमी, ७२ सेकंद लागल्यास ५० किमी आणि ६० सेकंद लागल्यास ६० किमी असतो. अंतरमापकाची चाचणी एका किलोमीटरवर करू नये. दहा किलोमीटरच्या फेरीत चूक स्पष्ट दिसते.

काटा आणि अंतरमापक दोन्ही सारख्याच टक्केवारीने चुकत असतील, उदाहरणार्थ दहा किलोमीटरला १०.८ आणि खऱ्या ६० ला सुमारे ६५, तर उपकरण निर्दोष आहे. त्याला मिळणारी फिरकीच चुकीची आहे, म्हणजे दोष टायर किंवा दंतचक्रांत शोधावा लागतो. अंतरमापक बरोबर आणि काटा चूक असल्यास दोष उपकरणात, म्हणजे चुंबक, स्प्रिंग किंवा काट्याच्या बसवणीत असतो. दोन्ही बंद असल्यास बहुधा केबल तुटलेली किंवा तिचे टोक झिजलेले असते, क्वचित पिनियनचे दात गेलेले असतात. काटा चालतो पण अंतर सरकत नाही, अशा वेळी केबलला दोष देण्यात अर्थ नाही. तेथे अंतरमापकाचे आतील दंतचक्र निकामी झालेले असते. ही तुलना न करता थेट उपकरण खोलण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते आणि चांगला वेगमापक तेवढ्यानेच बिघडतो.

केबल

थरथरणारा काटा ही केबलची तक्रार असते. कोरडी किंवा कोठेतरी दुमडलेली तार आवरणात अडकते, पीळ साठवते आणि एकदम सुटते. काटा त्याच तालावर उड्या मारतो. कमी वेगात ही थरथर अधिक जाणवते. सोबत डॅशबोर्डमागून चिरचिर आवाज येत असेल तर निदान जवळजवळ पक्के समजावे.

तार बाहेर काढून सपाट जमिनीवर ठेवावी आणि एक टोक बोटांत फिरवावे. सरळ तार शांतपणे फिरते. मुरगळलेली तार मध्येच उसळते व ती बदलावीच लागते. नवी केबल बसवताना कोठेही तीव्र वळण राहू नये. वळणाची त्रिज्या सुमारे १५ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. ग्रीस पातळ थराने आणि फक्त खालच्या दोन-तृतीयांश भागाला लावतात. वरचा भाग जवळजवळ कोरडा ठेवतात, कारण फिरती तार ग्रीस हळूहळू वर नेते. ते पेला व चुंबकाच्या मधल्या फटीत शिरले की दोहोंना चिकटवू लागते आणि गाडी जेमतेम चालत असतानाही काटा तबकडीच्या शेवटाला जाऊन टेकतो. अतिरिक्त ग्रीसमुळे झालेला हा बिघाड तुटलेल्या केबलपेक्षा महाग पडतो.

मुंबईच्या हवेत केबलचे आयुष्य कमी होते. तिचे खालचे टोक गाडीच्या तळाशी असल्याने साचलेल्या पाण्यातून जाताना आवरणात ओल शिरते आणि पावसाळ्यानंतर गंज धरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला आणि उपनगरांतील असंख्य मोटारी बुडाल्या. अशी बुडालेली गाडी पुन्हा चालू करताना केबल धुऊन वापरण्यापेक्षा आवरणासह बदलणेच इष्ट ठरते.

टायर व दंतचक्रांचे गुणोत्तर

जुन्या मापाचे टायर सहज मिळत नसल्याने जवळपासच्या मापाचे टायर बसवले जातात. १६५/८० आर १४ या टायरचा गणिती व्यास सुमारे ६२० मिमी, तर १५५/७० आर १४ चा सुमारे ५७३ मिमी येतो. रिम दोन्हींचे १४ इंचीच, पण लहान टायरला तेच अंतर कापण्यासाठी सुमारे आठ टक्के जास्त फेरे घ्यावे लागतात. वेगमापकही तेवढाच जास्त वेग दाखवतो. मोठा टायर बसवल्यास उलट घडते, आणि ती चूक अधिक धोक्याची असते. काटा मर्यादेच्या आत असतो, गाडी मात्र मर्यादेच्या बाहेर.

गिअरबॉक्स किंवा मागील आसाचे गुणोत्तर बदलल्यासही हाच परिणाम होतो. याला अपवाद फोक्सवॅगन बीटलसारख्या गाड्यांचा. तिची केबल पुढच्या डाव्या चाकातून निघते, त्यामुळे तेथे केवळ पुढच्या टायरचे माप पाहावे लागते.

प्रत्यक्ष फेरे मोजण्याची रीत सोपी आहे. केबल उपकरणापासून सोडवून तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण लावतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सपाट जागी सरळ रेषेत २० मीटर ढकलतात आणि बाणाचे फेरे मोजतात. फेऱ्यांना ५० ने गुणले की एका किलोमीटरचे फेरे मिळतात. उपकरणाला किती फेरे अपेक्षित आहेत हा आकडा अनेक तबकड्यांवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. ब्रिटिश बनावटीच्या उपकरणांवर तो मैलामागे, तर युरोपीय उपकरणांवर मीटर वा किलोमीटरच्या हिशेबाने असतो. मैलामागे १००० फेरे म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ६२१. अपेक्षित आकडा किलोमीटरला १००० असून वीस मीटरात साडेएकवीस फेरे भरले, तर हिशेब १०७५ येतो आणि वेगमापक साडेसात टक्के जास्त दाखवणार हे गाडी रस्त्यावर न नेताच कळते. जॅकवर एकच मागचे चाक उचलून फिरवण्याचा मार्ग मात्र टाळावा. डिफरन्शियलमुळे दुसरे चाक स्थिर असताना उचललेले चाक दुप्पट फिरते आणि हिशेब निम्म्याने चुकतो.

उपाय म्हणून योग्य मापाचा टायर परत बसवणे सर्वांत सरळ. ते शक्य नसल्यास पिनियन बदलतात. त्याचे दात वाढवले की केबल मंदावते. १८ ऐवजी १९ दात केल्यास वाचन सुमारे ५.३ टक्क्यांनी उतरते. पिनियन न मिळाल्यास केबलच्या मार्गात बसणारी लहान गुणोत्तर-पेटी वापरता येते. पद्मिनीचे सुटे भाग शोधणारे कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड आणि दक्षिण मुंबईतील चोर बाजार येथे चकरा मारतात. तेथे मिळालेला वेगमापक आपल्याच गाडीच्या मॉडेलचा दिसला तरी तबकडीवरचा आकडा जुळवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

उपकरणातील दोष

अंतरमापक बरोबर असल्याची खात्री झाल्यावरच उपकरण उघडण्याची वेळ येते. त्याआधी ३०, ५० आणि ७० अशा तीन वेगांवर चूक लिहून काढावी. प्रत्येक वेगाला काटा सारखाच, म्हणजे पाच किलोमीटरने, पुढे असेल तर तो आसावर चुकीच्या जागी बसवलेला असतो. बहुधा पूर्वीच्या दुरुस्तीत. चूक वेगाबरोबर प्रमाणात वाढत असल्यास चुंबक किंवा स्प्रिंग बदललेली असते. वयोमानाने चुंबक क्षीण झाल्यास काटा कमी वेग दाखवतो, स्प्रिंग ढिली पडल्यास जास्त. जाणकार कारागीर चुंबकाचे बळ विशेष साधनाने कमी-जास्त करतात. हे काम घरी करण्याजोगे नाही.

उष्णतेचाही परिणाम होतो. तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा विद्युत्रोध वाढतो, आवर्त प्रवाह घटतात आणि काटा खाली राहतो. चांगल्या उपकरणांत यासाठी चुंबकाजवळ निकेल-लोहाच्या मिश्रधातूची चकती असते. तापमान वाढले की ती चुंबकीय रेषा कमी प्रमाणात वळवते आणि पेल्याला अधिक बळ मिळते. तरीही मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीची चाचणी लगेच घेऊ नये.

दुरुस्त उपकरणाची तपासणी वेग ठरवता येणाऱ्या मोटरवर करतात. किलोमीटरला १००० फेऱ्यांचा वेगमापक मिनिटाला १००० फेऱ्यांवर ताशी ६० किमी दाखवला पाहिजे. फिरवण्याची दिशा केबलच्या मूळ दिशेशी जुळलेली असावी.

कायदेशीर बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ नुसार मोटारीत वेगमापक असणे बंधनकारक आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीची स्वतंत्र तरतूद झाली. १९५६च्या वजने व मापे कायद्याने मेट्रिक पद्धत येण्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत मैलांची तबकडी आहे. तबकडीवरचे ४० म्हणजे ताशी सुमारे ६४ किमी होतात, हे गाडी नव्याने हाती घेणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. त्यामुळे बिघाड नसतानाही वेगमापक चुकीचा असल्याची तक्रार होते. मूळ तबकडी न बदलता काचेच्या कडेला किलोमीटरच्या खुणा करण्याचा उपाय काही मालक योजतात. उपकरण बदलल्यास जुन्या अंतरमापकाचा शेवटचा आकडा आणि बदलाची तारीख गाडीच्या कागदपत्रांसोबत लिहून ठेवली जाते, कारण पुढील खरेदीदारासाठी गाडीच्या एकूण धावेचा तेवढाच पुरावा उरतो.