आर्थिक भागीदारींत स्वयंसेवी संस्थांचें स्थान

एखाद्या प्रांताची आर्थिक भरभराट कशी करावी हा प्रश्न निघाला, कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम कारखानदार, पेढीवाले आणि सरकारी अधिकारी उभे राहतात. आंधळ्यांना विणकाम शिकविणारा गृहस्थ, बेकारांसाठीं रात्रीचे वर्ग चालविणारें मंडळ किंवा कर्जांत बुडालेल्या कुटुंबांना सल्ला देणारी संस्था, हीं त्या चित्रांत सहसा दिसत नाहींत. माणसें भलीं खरीं, पण अर्थकारणाशीं त्यांचा काय संबंध, असें आपण मनांत म्हणतों. तो संबंध किती आहे, आणि तो न मानण्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा एक मोठा प्रयोग इंग्लंडांत १९९९ पासून २०२४ पर्यंत होऊन गेला. त्याचीच हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

१९९८ सालीं तेथील मजूर पक्षाच्या सरकारनें एक कायदा करून इंग्लंडच्या नऊ विभागांकरितां नऊ विकास-मंडळें निर्माण केलीं. आठ मंडळें १९९९ मध्यें व लंडनचें २००० मध्यें कामास लागलें. त्यांवर उद्योगधंद्यांतील माणसांचा भरणा असे. पण त्यांच्या जोडीला स्थानिक लोकप्रतिनिधि, कामगारसंघ, शिक्षणसंस्था आणि स्वयंसेवी क्षेत्र यांतूनही सभासद घेतले जात. खुर्ची एखादीच असे, परंतु ती होती. पुढें या मंडळांवर टीका होऊं लागली कीं, हीं फार मोठ्या प्रदेशाचीं, खर्चिक आणि लोकांपासून दूर गेलेलीं आहेत. २०१० मध्यें हुजूर व लिबरल डेमोक्रॅट या पक्षांचें संयुक्त सरकार आलें, त्यानें तीं मोडावयाचें ठरविलें, आणि मार्च २०१२ अखेर तीं बंद झालीं.

त्यांच्या जागीं ज्या संस्था आल्या, त्यांचें नांव ‘लोकल एन्टरप्राइझ पार्टनरशिप’. आपण त्यांना स्थानिक उद्योग-भागीदारी म्हणूं. ऑक्टोबर २०१० च्या श्वेतपत्रिकेबरोबर पहिल्या २४ भागीदाऱ्यांना मान्यता मिळाली व पुढें त्यांची संख्या ३९ झाली. नियम अगदीं थोडे होते. अध्यक्ष उद्योगधंद्यांतील असावा आणि निदान निम्मे सभासद तरी उद्योगधंद्यांतील असावेत, हा त्यांतला मुख्य. उरलेल्या जागांवर बहुतेक स्थानिक स्वराज्य-संस्थांचे पुढारी बसत. कोठें एखाद्या विद्यापीठाचा प्रमुखही असे. स्वयंसेवी संस्थांविषयीं नियमांत सक्ती नव्हती. ज्या जिल्ह्यांत अध्यक्षाला त्यांचें महत्त्व वाटलें तेथें त्यांना बोलावणें आलें. जेथें वाटलें नाहीं तेथें आलें नाहीं. हक्काची गोष्ट अशी मर्जीवर येऊन ठेपली.

आरंभीं या भागीदाऱ्यांच्या हातीं पैसा फारसा नव्हता, म्हणून खुर्ची मिळाली काय आणि न मिळाली काय, सारखेंच होतें. परंतु २०१४ ते २०२० या सात वर्षांकरितां युरोपीय संघाकडून जो निधि इंग्लंडला मिळावयाचा होता, त्यांतील सुमारें सहा अब्ज युरोंचा विनियोग कसा व्हावा याचे आराखडे याच भागीदाऱ्यांनीं करावयाचे, असें सरकारनें ठरविलें. शिवाय रस्ते, पूल, तंत्रशाळा यांसाठीं सरकारचा स्वतःचा स्थानिक विकास-निधि होता, तो वेगळाच. युरोपच्या पैशाला दोन अटी होत्या. सामाजिक निधीचा निदान शेंकडा २० भाग दारिद्र्य व बहिष्कृतपणा यांच्या निवारणासाठीं खर्च झाला पाहिजे, ही पहिली. योजना आखतांना सरकारी संस्था, मालक-मजूर संघटना आणि नागरी समाजाच्या संस्था या तिघांनाही भागीदार म्हणून घेतलें पाहिजे, ही दुसरी. तेव्हां मोठा चमत्कारिक प्रसंग उद्भवला. समाजांतील सर्वांत मागें पडलेल्या माणसांसाठीं असलेल्या पैशाचा आराखडा करावयाचा होता अशा मंडळानें, कीं ज्यांतल्या बहुतेकांचा त्या माणसांशीं कधीं संबंध आला नव्हता.

श्रोत्यांपैकीं कोणी विचारतील, त्यांत बिघडलें काय? कारखानदाराला माणसें हवीं आहेत, बेकाराला काम हवें आहे. मध्यें एक शिक्षणवर्ग काढला कीं झालें! कागदावर हें बरोबर आहे. पण समजा, एका गांवीं कारखान्याला यंत्रावर काम करणारीं माणसें हवींत म्हणून वर्ग उघडला. त्या वर्गाला कोण येईल? जो काल-परवांपर्यंत कामावर होता तो येईल. ज्याला घरीं बसून पांच वर्षें झालीं, ज्याला अर्ज नीट वाचतां येत नाहीं, जिच्या लहान मुलाला सांभाळावयास कोणी नाहीं, ज्याच्या वस्तींतून पहांटेच्या पाळीला पोंचेल अशी बसच निघत नाहीं, त्यांच्यापर्यंत त्या वर्गाची जाहिरातही पोंचत नाहीं. त्यांच्या दारांत रोज जाणारीं माणसें असतात तीं स्वयंसेवी संस्थांतलीं. पहिली अडचण बसची आहे कीं कर्जाची, हें त्यांना ठाऊक असतें. हें ज्ञान दयेच्या सदरांत न घालतां हिशेबाच्या सदरांत घालावें असें मला वाटतें. कारण तें नसेल तर वर्गावर झालेला खर्च फुकट जातो.

म्हणून प्रत्येक भागीदारीच्या क्षेत्रांत युरोपीय निधीकरितां एकेक उपसमिति नेमण्यांत आली व तींत स्वयंसेवी क्षेत्राला जागा मिळाली. मात्र या समित्या केवळ सल्ला देणाऱ्या होत्या. अंतिम निर्णय लंडनमधील खात्यांचा. मुख्य मंडळाच्या दिवाणखान्यांत जागा नाहीं, पण ओसरीवर बसा, अशांतला हा प्रकार झाला.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वयंसेवी क्षेत्र म्हणजे कांहीं एकजिनसी पदार्थ नव्हे. इंग्लंडांतील अशा संस्थांपैकीं सुमारें चार-पंचमांश संस्थांचें वार्षिक उत्पन्न एक लाख पौंडांहून कमी असतें; उलट कांहीं थोड्या संस्थांचा व्याप मोठ्या कंपनीसारखा आहे. मग या सर्वांच्या वतीनें एका खुर्चीवर बसावयाचें कोणी? बड्या संस्थेचा संचालक बसला, तर खेड्यांतल्या मंडळाचें दुःख तो मांडीलच असें नाहीं. आणि जी संस्था मंडळावर बसून पैशाची वांटणी ठरविते, तिनेंच उद्यां त्या पैशासाठीं अर्ज करावा काय, हा प्रश्न आहेच. यावर त्या देशांत एक बरा तोडगा निघाला. ठिकठिकाणच्या संस्थांना साह्य करणाऱ्या ज्या मध्यवर्ती संस्था पूर्वींपासून आहेत, त्यांनीं सर्वांना एकत्र बोलावून आपला प्रतिनिधि निवडावा, आणि त्यानें सभेचा वृत्तांत सर्वांना कळवावा. हें काम वेळेचें व पैशाचें असतें. कारखानदार सभेला जातो तेव्हां त्याचा कारखाना चालूच राहतो. तीन माणसांच्या संस्थेंतील एक सभेला गेला, तर त्या दिवशीं तेथें कामाला दोघेच उरतात.

खरें पाहतां प्रतिनिधित्वाची शंका उद्योजकांविषयींही तितकीच घेतां आली असती. मंडळावरील कारखानदाराला तरी गांवांतल्या दुकानदारांनीं कोठें निवडून दिलें होतें? परंतु ती शंका सहसा स्वयंसेवी संस्थांनाच विचारली जाते. आपल्याकडे १९९२ च्या घटनादुरुस्तीनें जिल्हा नियोजन समितीची जी योजना केली, तींत निदान चार-पंचमांश सभासद पंचायती व नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सभासदांतून यावे लागतात. तेथें कारखानदार आणि सेवाभावी संस्था दोघेही दाराबाहेरच! निवडणूक ही कसोटी मानली, तर हा न्याय निदान सर्वांना सारखा आहे.

पैसा मिळण्याची रीतही लहान संस्थांना जाचक होती. आधीं खर्च करा, पावत्या दाखवा, मग रक्कम मिळेल, असा युरोपीय निधीचा शिरस्ता. शिवाय इंग्लंडच्या बहुतेक भागांत जवळजवळ निम्मा खर्च दुसरीकडून उभा करावा लागे. गंगाजळी नसलेल्या संस्थेनें तो आणावा कोठून? येथें राष्ट्रीय लॉटरीचा निधि मदतीला आला. लॉटरीनें आपला वांटा घालून सामाजिक निधीशीं जोड दिली, आणि त्या एकत्र पैशांतून बेकारी व दारिद्र्य यांनीं गांजलेल्यांसाठीं कामें निघालीं. एका मोठ्या संस्थेनें जबाबदारी पत्करावयाची व तिच्या आश्रयानें अनेक लहान संस्थांनीं कामें करावयाचीं, अशी ही व्यवस्था होती. तींत लहानांची सोय झाली, आणि त्या मोठ्यांच्या ओंजळीनें पाणी पिऊं लागल्या हेंही तितकेंच खरें.

२०१८ मध्यें सरकारनें भागीदाऱ्यांची फेररचना आरंभिली. मंडळ वीस जणांहून मोठें नसावें, निदान दोन-तृतीयांश सभासद खाजगी क्षेत्रांतील असावेत, २०२० पर्यंत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, लहान धंद्यांची बाजू पाहणारा एक सभासद नेमून ठेवावा, असे नियम झाले. स्त्रियांचा व लहान धंद्यांचा विचार झाला हें उत्तम. परंतु स्वयंसेवी क्षेत्रासाठीं राखून ठेवलेली जागा या नियमांतही नव्हती. उलट खाजगी क्षेत्राचा वांटा वाढल्यानें उरलेल्या थोड्या जागांसाठीं चढाओढ अधिक झाली.

पुढें ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडलें, आणि त्याबरोबर भागीदारांना सामील करण्याची ती सक्तीही गेली. २०२२ मध्यें सरकारनें स्वतःचा २.६ अब्ज पौंडांचा ‘समाईक समृद्धि निधि’ काढला. तो भागीदाऱ्यांकडे न देतां स्थानिक व संयुक्त प्राधिकरणांकडे सोंपविला. मात्र सल्ल्यासाठीं प्रत्येक ठिकाणीं भागीदार-गट असावा व त्यांत स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधि घ्यावेत, अशी सूचना दिली. भागीदाऱ्यांचें सरकारी अनुदान मार्च २०२४ अखेर थांबलें आणि त्यांचीं कामें स्थानिक प्राधिकरणांकडे गेलीं. मँचेस्टर महानगरांतील संस्थांनीं मात्र एक शहाणपणा केला होता. भागीदारीच्या मंडळावरील खुर्चीवरच विसंबून न राहतां त्यांनीं तेथील संयुक्त प्राधिकरणाशीं २०२१ मध्यें लेखी करार करून ठेवला. इतर अनेक ठिकाणीं, ज्या मंडळावर जागा मिळावी म्हणून कार्यकर्त्यांनीं वर्षानुवर्षें खेटे घातले, तें मंडळच नाहींसें झालें. आणि त्यांना आतां नव्या कचेरीचें दार ठोठवावें लागत आहे.