नेम आणि स्क्रू

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो अवघा १०.४ मिलिमीटर!

या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण नसते. मागच्या बारीक छिद्रातून पुढच्या कड्यात लक्ष्य पाहून नेम धरतात. समजा, छिद्र व कडे यांत ८० सेंटिमीटर अंतर आहे आणि स्क्रू सैल असल्याने छिद्र ०.१ मिलिमीटर सरकले. समरूप त्रिकोण काढा. लक्ष्यावर चूक येते ६.२५ मिलिमीटर, गोळीचे केंद्र वर्तुळाबाहेर!

प्रत्येक गोळीबरोबर रायफलीला धक्का बसतो. घट्ट स्क्रूमुळे पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढते व छिद्र जागचे हलत नाही.

अंतर ४० सेंटिमीटर असते तर चूक किती झाली असती? तुम्हीच काढून पाहा.