बोत्स्वाना : उशिरा उभी राहिलेली फौज

१९६६ साली स्वतंत्र झालेल्या बोत्स्वानाने, स्वतःचा प्रशासकीय खर्चही ब्रिटिश अनुदानावाचून भागत नसल्याने, खडी फौज बाळगण्याचा विचार बुद्धिपुरस्सर दूर ठेवला आणि सरहद्दीचा बंदोबस्त पोलिसांच्या एका फिरत्या तुकडीवर सोपवला. परंतु शेजारच्या ऱ्होडेशियातील यादवी पेटून तिकडचे सैनिक बंडखोरांच्या पाठलागाच्या मिषाने बेदिक्कत आत शिरू लागले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या सरकारने १९७७ च्या एप्रिलात कायद्यान्वये 'बोत्स्वाना डिफेन्स फोर्स' स्थापन केली. तिचे आधिपत्य पोलीस खात्यातील मोम्पाती मेराफे यांच्याकडे गेले, तर उपप्रमुखपदी राष्ट्राध्यक्षांचेच तरुण चिरंजीव इयन खामा आले. कुजबुजीला निमित्त पुरवणारीच ही नेमणूक! पुरते वर्षही उलटले नव्हते तोच, १९७८ च्या फेब्रुवारीत, लेशोमा येथे ऱ्होडेशियन सैन्याच्या हल्ल्यात तिचे १५ जवान धारातीर्थी पडले.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हत्ती-गेंड्यांच्या चोरट्या शिकाऱ्यांचा पाठलाग हे तिचे एक प्रमुख कर्तव्य होऊन बसले. सोमालिया व लेसोथो येथेही तिची पथके गेली. आफ्रिकेत विरळाच आढळणारी गोष्ट म्हणजे या फौजेने राज्यसत्ता कधी बळकावली नाही; मेराफे उपराष्ट्राध्यक्ष आणि इयन खामा राष्ट्राध्यक्ष झाले खरे, पण गणवेश उतरवून, राजकीय पक्षाच्या वाटेने.