अंगणातले सोबती (भाग ६) : सापसुरळी विषारी असते का?

सापसुरळी चावली तर माणूस पाणीसुद्धा मागत नाही, असं गावोगाव सांगतात. कुंडी सरकवली की तपकिरी, चकचकीत अंगाची सापसुरळी सर्रकन बाहेर पडते. तुळतुळीत खवले, आखूड पाय आणि सापासारखी वळवळ, एवढ्यावरून ती विषारी ठरते आणि चपलेखाली मरते. याचं मला फार वाईट वाटतं. किडे-नाकतोडे खाऊन जगणाऱ्या या जिवाकडे ना विषग्रंथी, ना विषदंत. घरातली पाल आणि कुंपणावरचा सरडा यांचंही तेच.

जगात विषारी सरडे आहेत, पण फार लांब. अमेरिकेच्या नैऋत्य भागात आणि मेक्सिकोत राहणाऱ्या गिला मॉन्स्टरच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असतात. तो चावा घट्ट धरून ठेवतो आणि दातांच्या खाचांमधून विष जखमेत झिरपतं. वेदना भयंकर होतात, मृत्यू मात्र अगदी विरळा. त्याच्याच विषातल्या एका घटकावरून तयार झालेलं एक्सेनाटाइड हे मधुमेहावरचं औषध २००५ साली अमेरिकेत मंजूर झालं.

मग दुधात पाल पडली की उलट्या का होतात? पालीच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला जातीचे जिवाणू असू शकतात. पोट बिघडतं ते त्यांच्यामुळे. असं अन्न टाकूनच द्यावं, भांडी झाकून ठेवावीत, आणि पालीला हात लागला तर तो साबणाने धुवावा.

पालीच्या भीतीपेक्षा मला काळजी वाटते ती उलट्या चुकीची. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. तिचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा दंश जाणवत नाही; सूज येत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, गिळता येत नाही, शब्द अडखळतात, पुढे श्वासच अडतो. अशा वेळी भिंतीवर पाल दिसली आणि ‘तीच चावली असेल’ म्हणून घरचे थांबले, तर जीव जाऊ शकतो. पाल चावल्याने पापण्या मिटत नाहीत. अंधारात काय चावलं हे ठाऊक नसेल, तर साप चावला असं धरूनच चालावं. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ला फोन करून, प्रतिसर्पविष आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं. मण्यारीचं विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं. पण वेळेत श्वास चालू ठेवता आला तर माणूस वाचतो, पुन्हा उठून चालू लागतो.

घोरपडीचा चावाही विषाने मारत नाही, पण जखम खोल होऊ शकते. तिच्याबद्दल, आणि तिच्या तेलाच्या नावाखाली होणाऱ्या शिकारीबद्दल, पुढच्या आठवड्यात.