खंदकाआडची माणसं

कर्नाटकातल्या बंडीपूर, नागरहोळेच्या जंगलात आत खोलवर एखादी दोन खोल्यांची बैठी इमारत दिसते. भोवती खोल खंदक, तो ओलांडायला एक फळी. ही चोरट्या शिकारीविरोधातली छावणी. आपल्या मेळघाटात अशीच असते ती संरक्षण कुटी. चार-पाच माणसं इथे राहतात, स्वतःच रांधतात आणि रोज पायी गस्त घालतात. उजेडाला सौर दिवा, निरोपाला वायरलेस.

खंदक शिकाऱ्यांसाठी नाही, हत्तींसाठी आहे. ज्याला राखायचं, त्याच्यापासूनच आधी जीव वाचवायचा, अशी ही नोकरी. या जंगलात घाणेरी इतकी माजली आहे की दहा पावलांवरचा हत्ती दिसत नाही. पुढे चालणारा गडी बहुधा जेनू कुरुबा किंवा सोलिगा आदिवासी. तो चिमूटभर माती हवेत सोडून वारा बघतो, लिदीवर हात धरून ऊब अजमावतो. बांबू मोडल्याचा आवाज आला की सगळे जागीच थबकतात. पिल्लू सोबत असलेली हत्तीण अंगावर आली, तर पळायलाही वाट नसते.

आणि मग बंदूक घेऊन आलेला माणूस. आशियाई हत्तींत सुळे फक्त नरांना, म्हणून शिकार त्यांचीच होते. १९८०च्या दशकात केरळातल्या पेरियारमध्ये शंभराहून अधिक माद्यांमागे एक प्रौढ नर, इतकी पाळी आली होती. त्याच काळात कर्नाटक-तमिळनाडूच्या सीमेवर वीरप्पन सुळ्यांसाठी हत्ती मारत होता. वनाधिकारी पी. श्रीनिवास यांनी त्याच्याच गोपीनाथम गावात राहून लोकांसाठी घरं, दवाखाना उभा केला. शरण येतो, असा निरोप आला. नोव्हेंबर १९९१ मध्ये ते निःशस्त्र भेटायला गेले. वीरप्पनने त्यांना गोळी घातली, शिर तोडलं. पुढे त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं. वीरप्पन मारला गेला तो २००४ मध्ये.

श्रीनिवास अधिकारी होते, म्हणून त्यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे. छावणीतले बरेचसे गडी आजही हंगामी किंवा कंत्राटी आहेत. जोखीम मात्र कायम वनरक्षकाइतकीच, कधी जास्तच, कारण वाट काढायला पुढे तेच असतात. गस्तीवर असा माणूस गेला, तर त्याच्या घरच्यांना कायम कर्मचाऱ्याइतकीच भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळालंच पाहिजे. याहून कमी देणं हा अन्याय आहे.