बारभाईची शेती आणि मोबाइलमधला कामाचा फळा



'बारभाईची शेती, काय लागेल हाती' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केलेली नाही. दहा जण एकत्र आले की काम दहापट व्हावे, असा हिशेब कागदावर होतो. बांधावर मात्र 'मला वाटले तो करील' आणि 'मला कोणी सांगितलेच नाही' या दोन वाक्यांत अर्धा हंगाम निघून जातो. आज गावोगाव शेतकरी गट आहेत, महिलांचे बचत गट आहेत. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि किमान दहा उत्पादकांना एकत्र येऊन स्वतःची उत्पादक कंपनी काढण्याची वाट मोकळी झाली, तेव्हापासून अशा कंपन्याही उभ्या राहिल्या. खात्याच्या नोकरीत मी गट जुळताना पाहिले तसे मोडतानाही पाहिले. पैशाच्या अफरातफरीने मोडलेले थोडे. कामाच्या वाटणीवरून रुसवेफुगवे होऊन मोडलेलेच जास्त.

एकत्र काम करणे आपल्याला नवे आहे असे मात्र कोणी समजू नये. सावड आणि इर्जिक आपल्याच मातीतली. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या बंधाऱ्यांवर चालत आलेली फड पद्धत पाहा. कोणत्या फडात यंदा कोणते पीक, पाणी कोणाला केव्हा, हे सर्व ठरलेले. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी, आणि कोणाचे काम कोणते हे लहान पोरालाही ठाऊक असे. हे साधले, कारण माणसे एका गावची आणि रोज एकमेकांच्या दृष्टीस पडणारी होती. आजच्या गटात चार गावांचे सभासद असतात. अध्यक्ष एका गावी, ट्रॅक्टर दुसऱ्या गावी, हिशेब पाहणारा मुलगा पुण्याला. चावडीवर सांगितले की झाले, असे दिवस आता राहिले नाहीत.

अशा विखुरलेल्या माणसांसाठी एक साधन मोबाइलवर मिळते. त्याला कामाचा फळा म्हणू. ट्रेलो हे त्यातले बरेच प्रसिद्ध नाव. न्यूयॉर्कच्या एका संगणक कंपनीने ते २०११ साली काढले आणि २०१७ साली अॅटलासियन या ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या कंपनीने ते विकत घेतले. याच जातीची आणखीही साधने आहेत. मुळातली कल्पना मात्र संगणकाची नव्हेच. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात टोयोटाच्या मोटार कारखान्यात ताईची ओहनो नावाच्या अभियंत्याने ती रुजवली. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत गिऱ्हाईक फळीवरून जेवढा माल उचलते तेवढाच पुन्हा भरला जातो, यावरून त्यांना ती सुचली. सुट्या भागांच्या पेटीबरोबर एक चिठ्ठी फिरे. भाग वापरले गेले की चिठ्ठी मागे जाई आणि तेवढेच भाग नव्याने तयार होत. या चिठ्ठीला जपानी नाव 'कानबान', म्हणजे पाटी. पुढे संगणकाच्या कार्यक्रमांवर काम करणाऱ्या मंडळींनी ही रीत उचलली, आणि आज ती आपल्या खिशातल्या मोबाइलवर येऊन बसली आहे.

रचना अगदी सोपी आहे. एक फळा. त्यावर उभे रकाने. प्रत्येक रकान्यात कामाच्या चिठ्ठ्या. त्यांना 'कार्ड' म्हणतात. एका कार्डावर एकच काम लिहावयाचे. काम पुढे सरकले की कार्ड बोटाने ओढून पुढच्या रकान्यात न्यावयाचे. कार्डावर करणाऱ्याचे नाव टाकता येते, मुदतीची तारीख घालता येते, फोटो जोडता येतो, आणि त्या कामातल्या बारीक पायऱ्यांची यादी करून एकेकीवर खूण करता येते. मजकूर मराठीत लिहिता येतो.

'पण आमचा व्हॉट्सअॅपचा गट आहे की!' असे कोणी म्हणेल. आहे खरा. त्यावर सकाळी अध्यक्षांनी लिहिले, 'उद्या औषध आणावे'. त्याखाली सुप्रभातची सतरा फुले आली, दोन वाढदिवस आले, एक बाजारभाव आला. संध्याकाळपर्यंत औषध फुलांच्या ढिगाखाली गेले. शिवाय 'आणावे' म्हणजे कोणी आणावे? निरोप देण्यास व्हॉट्सअॅप उत्तम. काम कोणाकडे आहे आणि कुठवर आले आहे, हे दाखवण्यास ते फार तोकडे पडते.

आता उदाहरण सोयाबीनचेच घेऊ, कारण त्यात एक काम चुकले की पुढची चार चुकतात. फळ्यावर चार रकाने करा: 'करावयाचे', 'चालू', 'अडलेले' आणि 'झाले'. पहिले कार्ड घरच्या बियाण्याच्या उगवण चाचणीचे. पोत्यापोत्यातून नमुना घेऊन शंभर दाणे मोजावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळीत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, ओल राखावी आणि आठवड्याभराने चांगले कोंब मोजावेत. सत्तर किंवा अधिक भरले तर नेहमीचे प्रमाण चालेल. थोडे कमी भरले तर बियाणे त्या मानाने वाढवावे. फारच कमी भरले तर ते बियाणे बाजूला ठेवावे. या कार्डावर मेच्या मध्याची मुदत घाला, कारण 'बियाणे खरेदी' हे दुसरे कार्ड या पहिल्यावर अवलंबून आहे. चाचणी पाऊस तोंडावर आल्यावर केली आणि ती फसली, तर तेव्हा दुकानात हवा तो वाण मिळेलच असे नाही. न तपासलेले बी तसेच पेरले तर दुबार पेरणीचा खर्च माथी बसतो, आणि तो एका घराला पुरते वाकवतो.

तिसरे कार्ड बीजप्रक्रियेचे. येथे पायऱ्यांची यादी फार उपयोगी पडते, कारण क्रम चुकून चालत नाही. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी रायझोबियमसारखी जिवाणू संवर्धके. जिवाणू लावल्यावर बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. तोंडी सांगितलेला क्रम गडबडीत हमखास उलटा होतो. कार्डावर एकाखाली एक लिहिलेला असला की ज्याच्या हातात मोबाइल आहे तो वाचून दाखवील.

चौथे कार्ड रुंद वरंबा सरी पेरणी यंत्राचे, ज्याला आपण सर्व बीबीएफ म्हणतो. यंत्र एक आणि सभासद वीस. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाली की सर्वांनाच ते एकाच दिवशी हवे असते. खरे भांडण येथेच होते. तेव्हा प्रत्येक सभासदाच्या पाळीचे स्वतंत्र कार्ड करून ती पाऊस पडण्याआधी, सर्वांच्या देखत, क्रमाने लावून ठेवावीत. कोणी मध्ये घुसला आणि रात्रीतून आपले कार्ड 'चालू' रकान्यात सरकवले, तर कोणते कार्ड कोणी आणि केव्हा हलवले याची नोंद फळा आपोआप ठेवतो. हा सूर्य, हा जयद्रथ! वाद घालण्यास जागाच उरत नाही. मला स्वतःला या साधनाचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो.

'चालू' या रकान्याबद्दल एक पथ्य सांगतो. त्यात एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त कार्डे ठेवू नयेत. उत्साहाच्या भरात गट एकदम गांडूळखतही सुरू करतो, रोपवाटिकाही आणि डाळमिलसाठी धावपळही. मग एक ना धड भाराभर चिंध्या. एक कार्ड 'झाले'मध्ये गेले की मगच दुसरे ओढावे.

आणि 'अडलेले' हा रकाना तर कधीच वगळू नये. पुष्कळ जण तो ठेवत नाहीत, कारण त्यात आपले कार्ड दिसणे कमीपणाचे वाटते. काम अडणे हा गुन्हा नव्हे. अडलेले लपवणे गटाला महागात पडते. कार्ड या रकान्यात टाकताना कशासाठी अडले ते एका ओळीत लिहावे. 'फाळ लोहाराकडे आहे', 'बँकेत सही राहिली' एवढे पुरे. वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी त्याच दिवशी तालुक्याला जाणारा असतोच.

जे फळबागाईत आहेत आणि माल परदेशी पाठवतात, त्यांनी फवारणीचे प्रत्येक कार्ड जपून ठेवावे. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात सापडले आणि बागायतदार व निर्यातदार दोघांचेही कंबरडे मोडले, हे अनेकांना आठवत असेल. काय फवारले, कोणत्या प्लॉटवर, कोणत्या तारखेला, कोणी, आणि तोडणीपूर्वी किती दिवस थांबावयाचे, हे सर्व एका कार्डावर मावते. औषधाच्या बाटलीवरील पट्टीचा फोटोही सोबत जोडावा.

आता भगिनींसाठी थोडे, आणि बंधूंनी तर हे नीट वाचावेच. आमच्या भागातील एका गटात कार्डांवर सारी नावे पुरुषांची होती. उगवण चाचणीच्या कार्डावर घरधन्याचे नाव. प्रत्यक्षात गोणपाट ओले ठेवले, दाणे मोजले ते घरच्या बाईने. प्रतवारीचेही तसेच. हंगाम संपल्यावर गटाने ठरवले की ज्याने जितके दिवस काम केले त्याला त्या मानाने मोबदला द्यावा, आणि पुरावा म्हणून फळा उघडला. तेव्हा मागे बसलेल्या एका वयस्क बाईंनी विचारले, "अहो साहेब, या पाटीवर आम्ही कुठं हाय?" कोणाजवळ उत्तर नव्हते. त्या बैठकीत ठराव झाला की कार्डावर नाव काम करणाराचेच राहील, मोबाइल कोणाचाही असो. पुढच्या हंगामात निम्म्याहून अधिक कार्डे बायकांच्या नावावर निघाली आणि काही कर्त्या पुरुषांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. पण त्यानंतर प्रतवारीचे दर ठरवण्याच्या बैठकीला बायकांना बोलावणे जाऊ लागले, हेही तितकेच खरे.

काही सावधगिरीच्या गोष्टी. फळा तयार करताना तो 'खासगी' ठेवावा. 'सार्वजनिक' केला तर जगातला कोणीही तो पाहू शकतो. आधार कार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक यांचे फोटो आणि पासवर्ड फळ्यावर कधीही टाकू नयेत. फळ्याचा कारभार किमान दोघांच्या हाती असावा. ज्या मुलाने तो बनवला तो नोकरीसाठी शहरात गेला आणि मागे कोणालाच काही करता येईना, असे घडते. मोफत वापरात किती माणसे घेता येतात यावर मर्यादा असते. म्हणून प्रत्येक सभासदाला त्यात घेण्यापेक्षा कामाची जबाबदारी असलेले सात-आठ जण घ्यावेत. जुनी कार्डे पुसून टाकू नयेत, संग्रहात ठेवावीत.

ज्यांच्याजवळ साधा फोन आहे किंवा जेथे रेंज नाही, त्यांनी नाउमेद होऊ नये. सोसायटीच्या ओसरीवरची एक भिंत काळी रंगवा, खडूने चार रकाने आखा आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या टाचणीने किंवा खळीने लावा. जपानी कारखान्यात तरी दुसरे काय होते? कित्येक गट दोन्ही ठेवतात. मोबाइलवर जो बदल होईल तो शाळकरी पोर संध्याकाळी भिंतीवर करते, आणि म्हातारी माणसे देवळातून परतताना वाचून जातात.

नव्याचे नऊ दिवस होण्याचा धोका आहेच. त्यावर उपाय एकच: आठवड्यातला एक वार ठरवावा, बाजाराचा दिवस सोयीचा, आणि त्या दिवशी वीस मिनिटे सर्वांनी फळ्यासमोर बसावे. आधी 'अडलेले', मग 'चालू', शेवटी 'करावयाचे' या क्रमाने वाचावे. ज्याचे कार्ड असेल त्यानेच बोलावे. भाषणे नकोत, चहा चालेल.

सुरुवात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास करावी, म्हणजे मृगापर्यंत हात बसतो. दुसऱ्या वर्षी नवा फळा लिहीत बसण्याची गरज नाही. जुन्याची नक्कल एका बोटाने निघते, फक्त तारखा बदलावयाच्या. नक्कल काढण्यापूर्वी मागच्या वर्षी 'अडलेले'मध्ये कोणकोणती कार्डे जाऊन आली ते मोजावे. एका गटाने दिवाळीनंतर असे मोजले, तेव्हा अकरा कार्डे निघाली आणि त्यांतली सात त्याच एका पेरणी यंत्राची होती. तोवर दर बैठकीत दोष ट्रॅक्टरवाल्याला दिला जात होता. त्यांनी त्याच बैठकीत वर्गणी ठरवली आणि दुसरे यंत्र घेण्याचे कार्ड 'करावयाचे' रकान्यात सर्वांत वर लावले.