पावसाळ्यानंतरची मोटारसायकल

पावसाळाभर रोज रस्त्यावर असलेल्या मोटारसायकलीचे नुकसान पाऊस थांबल्यावर वर येते. थंड देशांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात आणि तेच मीठ पुढे गाड्यांचे लोखंड खाते. कोकणच्या उत्तर टोकाला हे काम चार महिन्यांचा पाऊस, चिखल आणि खारी हवा मिळून करतात. तलासरी तालुक्यातले अच्छाड राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, गुजरातच्या हद्दीला लागून आहे. तिथून हद्दीपलीकडच्या भिलाड, सरीगाम, उंबरगावच्या कारखान्यांत दुचाकीने जाणाऱ्यांच्या गाड्यांवर ट्रकच्या चाकांखालचे काजळीमिश्रित पाणी उडते, पाड्यांच्या कच्च्या वाटांवर चिकट माती बसते आणि बोर्डी-घोलवडच्या बाजूला गेले की त्यात समुद्राची खार मिसळते. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते. त्यामुळे किनारपट्टीवर गाडी नुसती पुसून भागत नाही. खार साध्या पाण्याने धुऊनच काढावी लागते.

दसऱ्याला गाडी धुऊन, हळद-कुंकू लावून, झेंडूचा हार घालून पूजा होते. त्या धुण्यात टाकी आणि मडगार्ड चकचकीत होतात, पण गंज धरतो तो मडगार्डच्या आतल्या बाजूला, मेन स्टँडला, सायलेन्सरच्या तळाला आणि साखळीच्या आसपास. म्हणून धुण्याची सुरुवात खालून करावी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सायलेन्सरच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी कोंबावी, वाळलेला चिखल पाण्याने भिजवून मऊ होऊ द्यावा आणि मगच ब्रशने काढावा. कोरडा चिखल घासला तर रंगावर ओरखडे उठतात. प्रेशर पंपाची धार चाकाच्या बेअरिंगवर, हँडलच्या स्विचवर किंवा मीटरवर धरू नये, कारण ती आतले ग्रीस धुऊन नेते आणि त्याच्या जागी पाणी ठेवते. कपड्याच्या पावडरीऐवजी गाडीचा शॅम्पू बरा. महामार्गाच्या या पट्ट्यात २०२४ साली काँक्रिटच्या व्हाइट टॉपिंगचे काम चालू होते. अशा कामाच्या दिवसांत सिमेंटचे शिंतोडे गाडीवर सुकून दगड होतात. ते पात्याने खरवडू नयेत. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके थोडा वेळ ठेवले की मऊ पडतात, नंतर ती जागा भरपूर पाण्याने धुवावी.

डिझेल मारून गाडी धुण्याची आणि पावसाळ्याआधी खालच्या भागाला जुने ऑइल फासण्याची पद्धत गॅरेजांतून अजून दिसते. दोन्ही सोडलेल्या बऱ्या. डिझेलने रबरी भाग फुगतात, आणि जुन्या ऑइलवर धूळ बसून गाळाचा थर होतो, तो ब्रेकपर्यंत पोचला तर धोकाच.

धुतल्यावर गाडी उन्हात ठेवून नीट वाळू द्यावी. ऑक्टोबरच्या उन्हाचा हा एक उपयोग. टाकीच्या झाकणाजवळ पाणी वाहून जायला एक बारीक भोक असते. ते मातीने बुजले तर तिथे साचलेले पाणी टाकीत उतरते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी जास्त झाले की इथेनॉल पाण्यासह तळाशी बसते आणि गाडी सकाळी चालू व्हायला कुरकुरते. भोक बारीक तारेने मोकळे करावे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत खालचा ड्रेन स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढून टाकता येते; २०२० नंतरच्या, बीएस-६ नियमांच्या इंजेक्शनच्या गाडीत तसा घरगुती उपाय नाही.

सर्वांत जास्त वेळ साखळीला द्यावा. बऱ्याच साध्या गाड्यांत ती पूर्ण झाकणाच्या आत असते, त्यामुळे ती दिसत नाही आणि तिच्याकडे लक्षही जात नाही. प्रत्यक्षात झाकणाच्या आत वाळूचा गाळ साचलेला असतो. झाकण उघडून केरोसीन आणि मऊ ब्रशने साखळी धुवावी. पेट्रोल वापरू नये. गाडी मेन स्टँडवर लावून इंजिन बंद ठेवावे आणि चाक हातानेच फिरवावे. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये साखळी पुसताना बोटे जाऊ शकतात. पुसून कोरडी झालेल्या साखळीला नव्वद नंबरचे गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे आतल्या बाजूने लावावा आणि जादा तेल फडक्याने टिपावे. मग ढिलेपणा पाहावा. कम्युटर गाड्यांत तो साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मापावे, कारण झिजलेली साखळी एके जागी ताठ आणि दुसरीकडे ढिली लागते. मागच्या स्प्रॉकेटवरून ती ओढून पाहावी. दात निम्मा उघडा पडत असेल किंवा दात आकड्यासारखे वाकले असतील, तर पूर्ण चेन-स्प्रॉकेट संच बदलावा. एकटी साखळी बदलली की जुने दात तिलाही लवकर खातात. ताण देताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या नाहीत, तर मागचे चाक तिरके बसते.

चाक मागे सरकले की मागचा ब्रेकही बदलतो, म्हणून लगेच पेडलचा खेळ तपासावा. तो सहसा २० ते ३० मिलिमीटर असतो. ड्रम ब्रेकमध्ये पाणी आणि वाळू गेल्याने लायनर कुरकुरतात, कधी ब्रेकचा कॅम अडकून ब्रेक सुटत नाही. पूर्ण दाबल्यावर ब्रेक आर्मवरचा बाण ड्रमवरच्या खुणेला पोचला, तर लायनर संपले. आतली धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत एकत्रित ब्रेक किंवा एबीएस सक्तीचे झाले, आणि एकत्रित ब्रेकच्या गाड्यांत मागचा पेडल दाबला की पुढचाही लागतो. जोडणारी केबल गंजलेली असेल तर हा फायदा मिळत नाही. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. ते हवेतली ओल शोषते. कोणते ऑइल घालायचे ते डबीच्या झाकणावर छापलेले असते.

इंजिन ऑइल दुधाळ कॉफीसारखे दिसले तर त्यात पाणी आहे, ते ताबडतोब काढावे. काढलेले ऑइल नाल्यात किंवा विहिरीजवळ न ओतता बंद डब्यात भरून गॅरेजला द्यावे. चिकट द्रव लावलेला कागदी एअर फिल्टर धुता येत नाही, फक्त बदलता येतो. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमध्ये वरून तेलाचे काही थेंब सोडावेत. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यातल्या खाण्याच्या सोड्याने जाते. ऋण टोक आधी काढावे, शेवटी लावावे, आणि दोन्हींवर पेट्रोलियम जेली चोळावी. टायरची हवा थंड असताना मोजावी.

सायलेन्सरच्या गंजलेल्या तळाला पॉलिश पेपर मारून उष्णता सोसणारा काळा रंग द्यावा. पहिली चाचणी महामार्गावर न घेता गावातल्या मोकळ्या रस्त्यावर, सावकाश घ्यावी: दोन्ही ब्रेक काही वेळा दाबून ओल जाऊ द्यावी, हात सैल ठेवून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. दोन-तीन दिवसांच्या वापरानंतर मागच्या एक्सेलचा नट आणि साखळीचा ताण पुन्हा एकदा तपासावा.